पुढचा डिस्क ब्रेक ओरडतोय? पॅड बदलण्याआधी कॅलिपरच्या पिना काढून बघा

पावसाळ्याचा पहिला महिना सरला की माझ्या गॅरेजसमोर एकाच तक्रारीच्या मोटरसायकली लागायला सुरुवात होते. ‘काका, पुढचा ब्रेक दाबला की कुंईऽऽ करून ओरडतो. नवीन पॅड टाका.’ पॅड टाकायला माझी ना नाही, पण बऱ्याचदा दोष पॅडचा नसतोच. नवे पॅड टाकले की आवाज थोडे दिवस बंद राहतो आणि परत सुरू होतो, कारण आत जे अडकलंय ते तसंच अडकलेलं असतं. म्हणून मी आधी कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनी चिमटणारा भाग, उतरवतो, त्याच्या पिना बाहेर ओढून बघतो, आणि मगच पॅडचं बोलतो. हे काम घरच्या अंगणात, चार हत्यारांवर होण्यासारखं आहे. ते कसं करायचं ते इथे सविस्तर सांगतो.

माझं गॅरेज चिपळूणला. मुंबईकडे निघालात तर परशुराम घाट, कराडकडे निघालात तर कुंभार्ली. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि रस्त्यावर लाल मातीचा राडा असतो तो पार गणपती होईपर्यंत. जांभ्याची ही माती फार बारीक. पाण्यात कालवली गेली आणि चाकाने उडाली की कॅलिपरच्या फटीफटीत जाऊन बसते, आणि ऊन पडलं की तिथेच कडक होते. गुहागर-दाभोळकडून मासळीच्या पेट्या आणणाऱ्या गाड्यांवर तर वरून खारं पाणी गळत असतं. घाटावर ज्या गाडीचा कॅलिपर दोन वर्षं उघडला नाही तरी चालून जातं, तीच गाडी इथे एका पावसात जाम होते. मी जे सांगतोय ते १२५ ते २०० सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांचं, ज्यांना पुढे एकच डिस्क आणि सरकणारा कॅलिपर असतो.

आवाज येतो कशामुळे

ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कवर सलग घासत नाही. तो अगदी बारीक पकडतो, सुटतो, परत पकडतो. हे पकडणं-सुटणं एका तालात आलं की पॅड, कॅलिपर आणि डिस्क मिळून थरथरायला लागतात, आणि ही थरथर सेकंदाला हजारांच्या वर गेली की आपल्याला किंचाळी ऐकू येते. थोडीफार थरथर प्रत्येक डिस्क ब्रेकमध्ये असतेच. ती दबून राहावी म्हणून पॅड धरून ठेवणारी स्प्रिंग क्लिप, पिनांवरचं ग्रीस, काही गाड्यांत पॅडच्या पाठीला पातळ पत्र्याची पट्टी अशी सोय कंपनीनेच केलेली असते. यातलं काही सुकलं, गंजलं किंवा मागच्या वेळी कुणी बसवायचं विसरलं, की पॅडला नाचायला मोकळीक मिळते.

सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. लिव्हर दाबला की पिस्टन त्याच्या बाजूचा पॅड (त्याला मी आतला म्हणतो) डिस्कवर ढकलतो. तो टेकला की सबंध कॅलिपर दोन पिनांवरून उलट्या दिशेने सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा, म्हणजे बाहेरचा, पॅड ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे बाहेरच्या पॅडचं सगळं काम त्या दोन पिनांच्या भरवशावर चालतं. पिना रबरी बुटात, म्हणजे पाणी-माती आत जाऊ न देणाऱ्या टोपणात, असतात आणि त्यांना ग्रीस लागतं. बूट फाटला, पाणी गेलं, गंज धरला, की कॅलिपर सरकायचा थांबतो. मग आतला पॅड एकटाच झिजत राहतो, वाकडा टेकतो, आणि ओरडतो.

पोफळीकडच्या एका गुरुजींची गाडी आली होती तेव्हा हे सगळं एकाच कॅलिपरमध्ये बघायला मिळालं. त्यांनी दुसरीकडे दोनदा पॅड बदलून घेतले होते आणि तरी रोज शाळेत जाताना ब्रेक ओरडायचाच. पॅड काढून हातात दिले. आतल्या पॅडवर नखाच्या जाडीइतकाही मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, उरला नव्हता, लोखंडी पट्टी दिसायला आली होती. बाहेरचा पॅड जवळपास नवाच. वरची पिन हाताने निघाली. खालची पक्कडीत फडकं धरून, डावीकडे-उजवीकडे फिरवत फिरवत बाहेर काढावी लागली. तिच्या बुटाला एका बाजूने चीर होती. आतलं ग्रीस काकवीसारखं घट्ट तपकिरी झालं होतं आणि त्याच्याखाली पिनेला गंजाची पूर्ण कडी धरलेली. दोनदा पॅड बदलताना त्या पिनेला कुणी हातच लावला नव्हता. पिन आणि बूट नवे, ग्रीस नवं, आणि आतला पॅड संपलाच होता म्हणून पॅडची जोडी नवी. आवाज गेला, आणि गुरुजी म्हणाले लिव्हरही आता हलका लागतोय. तो लागणारच. आधी निम्मा जोर अडकलेला कॅलिपर ओढण्यात जात होता.

हत्यार लावण्याआधी कान लावा

आवाज कधी येतो यावरून बरंच कळतं. रात्रभर गाडी पावसात राहिली, सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला आवाज आला आणि नंतर थांबला, तर तो ओलावा आणि डिस्कवरचा पातळ थर. त्याला काही करायचं नाही.

हळू ब्रेक लावताना ओरडतो आणि जोरात दाबला की गप्प होतो, तर पॅड चकाकले असतील किंवा क्लिप, पट्टी, पिना यांच्यात ढिलेपणा असेल. ही सगळ्यात नेहमीची तक्रार. ब्रेक न लावताही चाकातून सारखी ची-ची येते आणि ब्रेक लावला की थांबते, तर पॅड डिस्कला चिकटून राहतोय, म्हणजे पिना नाहीतर पिस्टन. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून डिस्कच्या जवळ हात न्या, टेकवू नका. ब्रेक फारसा न लावताही धग जाणवत असेल तर निदान पक्कं झालं.

किंचाळीच्या जागी खर्रर असा धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल तर पॅड संपलेत. गाडी तिथेच थांबवा. पॅड काहीशे रुपयांत येतात, डिस्कला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. आणि पुढचा ब्रेक म्हणजे गाडी थांबवण्याच्या ताकदीचा मोठा वाटा आहे, घाटात तो गेला तर मागच्या ब्रेकवर भागत नाही.

दोन गोष्टी ब्रेकच्या नावावर उगाच खपतात. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून जाते. तिथली दातेरी चकती कोरडी पडली की ती अगदी ब्रेकसारखीच ओरडते. केबल काढून गाडी थोडी चालवून बघा. दुसरी म्हणजे पंक्चर. पुढचं पंक्चर काढल्या दिवसापासून आवाज सुरू झाला असेल तर चाक बसवताना बुशी उलटसुलट लागली आहे का किंवा शॉकअप पिळून एक्सल आवळला गेलाय का ते आधी बघा. एक्सल ढिला करून, पुढचा ब्रेक धरून हँडल दोन-चार वेळा जोरात खाली दाबायचं आणि मग आवळायचं, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या जागी बसतात.

काय काय लागेल

कॅलिपरच्या बोल्टला गाडीप्रमाणे १२ किंवा १४ नंबरचा पाना, पॅडच्या पिनेला (ही पॅड अडकवणारी, सरकण्याच्या पिना वेगळ्या) बहुतेक ५ किंवा ६ ची एलन की, पक्कड, जुना टूथब्रश, सुती फडकी, ८० ते १२० नंबरचा आणि एक ४०० नंबरचा पॉलिश पेपर. ब्रेक क्लीनरचा डबा मिळाला तर उत्तम, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. ग्रीसच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा खास कॅलिपरसाठीचंच ग्रीस लागतं. बेअरिंगमध्ये भरतो ते साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट धरतात. रॉकेल आणि पेट्रोलही कॅलिपरच्या रबराजवळ आणू नका. आमच्या धंद्यात सगळं रॉकेलमध्ये धुवायची सवय असते, पण कॅलिपरची सीलं त्याने फुगून बाद होतात.

उघडण्यापासून सुरुवात

गाडी डबल स्टँडला, सपाट कडक जमिनीवर घ्या. डिस्क गार असली पाहिजे. कॅलिपर अजून शॉकअपवर बसलेला असतानाच पॅडची पिन अर्धा आटा ढिली करा. कॅलिपर हातात आल्यावर ती सोडवायला फार झटापट होते. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि तो डिस्कवरून अलगद मागे ओढा. ब्रेकच्या पाइपवर त्याला लोंबकळत ठेवू नका, दोरीने किंवा तारेने शॉकअपला बांधा. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते आहेच, तर चाकाजवळच्या सेन्सरची बारीक वायर कुठून गेली आहे ते बघून ठेवा. ती ताणू नका, दुमडू नका.

पॅड काढायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. स्प्रिंग क्लिप कुठल्या बाजूने आहे, पट्टी कुठल्या पॅडला आहे, हे जोडताना हमखास विसरतं. आणि कॅलिपर डिस्कवर नसताना कुणालाही लिव्हर दाबू देऊ नका. शेजारचं पोर गाडीवर बसून हँडलशी खेळत असेल तर आधी त्याला खाली उतरवा, नाहीतर पिस्टन बाहेर पडेल.

आता पॅड शेजारी शेजारी ठेवून नीट बघा. आतला पातळ आणि बाहेरचा जाड, म्हणजे पिना अडकल्यात. एकच पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, तरीही पिना. मसाला आरशासारखा चकाकतोय, तर पॅड भाजलाय. कुंभार्ली उतरताना सबंध घाट लिव्हर हलका धरून ठेवणाऱ्यांचे पॅड असेच होतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी आणून, ब्रेक दमदार लावून पूर्ण सोडायचा, परत लागला तर परत. असं केलं की पॅडला गार व्हायला वेळ मिळतो. मसाला काळपट, ओलसर, तेलाचा वास येणारा असेल तर त्याबद्दल पुढे बोलतो. मसाला १ मिलिमीटरच्या आत आला असेल, मधली खाच पुसली गेली असेल, किंवा मसाल्याला तडा जाऊन तो पट्टीपासून सुटायला लागला असेल, तर पॅड टाकून द्या.

पिना

या कामाला घाई नको. कॅलिपर त्याच्या ब्रॅकेटपासून, म्हणजे ज्या आधारावर तो सरकतो त्यापासून, हाताने ओढून वेगळा करा. दोन्ही पिना बाहेर येतील. त्या सारख्या दिसल्या तरी पुष्कळदा सारख्या नसतात. एखादीवर रबरी नळी असते, एखादी थोडी बारीक असते. कुठली कुठे होती ते ध्यानात ठेवा. जुनं ग्रीस फडक्याने पूर्ण पुसा. भोकात कापसाची काडी किंवा फडक्याची वात घालून, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत साफ करत राहा. लोक पिन पुसतात आणि भोक विसरतात, मग जुनं घट्ट ग्रीस नव्यात मिसळून महिनाभरात परत तेच. पिनेवर वरवरचा गंज असेल तर ४०० नंबरच्या पेपरने गोल फिरवून काढा. नखाला खड्डे लागत असतील तर पिन बदला. बूट बोटांनी ताणून उजेडात बघा, चीर असेल तर नवा घ्या. बुटाची किंमत इतकी कमी आहे की तो फाटका परत घालण्यात काहीच अर्थ नाही.

ग्रीस पातळ लावा. भोक भरून ग्रीस कोंबलं तर आतली हवा दबते आणि पिन स्प्रिंग लावल्यागत मागे ढकलली जाते. पिन बसवल्यावर बूट फुगलेला दिसला तर त्याची कड बोटाने किंचित उचलून हवा सोडा. कॅलिपर ब्रॅकेटवर चढवून दोन बोटांनी मागे-पुढे करा. तो विनासायास, न अडखळता सरकला पाहिजे. इथे अडखळतोय तर पुढे जाऊ नका.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात शेकडो गाड्या पाण्याखालून निघाल्या. लोकांनी त्या वरून धुतल्या, इंजिन ऑइल बदललं, गाडी सुरू झाली की सुटकेचा नि:श्वास टाकला. पण कॅलिपर कुणी उघडले नव्हते. बुटांच्या आत वाशिष्ठीचा गाळ बसलेला, सुकून पिनेला चिकटलेला. त्या गाड्या दिवाळीपर्यंत ओरडत येत राहिल्या. तुमची गाडी कधी चाकभर पाण्यात उभी राहिली असेल तर आवाजाची वाट बघू नका, पिना काढून साफ करा.

पिस्टन

पिस्टनच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर काळी किंवा लाल पुटं असतात. ती तशीच ठेवून पिस्टन आत ढकलला तर माती सीलवरून घासत जाते आणि सील खराब होतं. म्हणून आधी साबणाचं पाणी आणि टूथब्रश घेऊन पिस्टन सगळीकडून घासा आणि फडक्याने कोरडा करा.

पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते हे अनेकांना माहीत नसतं. लिव्हर दाबला की चौकोनी कडेचं रबरी सील पिस्टनसोबत जरासं पिळलं जातं. लिव्हर सोडला की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. तेवढ्या केसभर अंतरावर पॅड मोकळा होतो. माती आणि गंजामुळे ते बंद झालं की पॅड घासत राहतो, तापतो, चकाकतो आणि ओरडायला लागतो.

आता हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीभोवती फडकं गुंडाळा, झाकण काढा, आणि दोन्ही अंगठ्यांनी पिस्टन सावकाश आत ढकला. टाकीत ऑइल वर येतं. पॅड झिजल्यावर कुणी वरून ऑइल भरलं असेल तर ते सांडेल, म्हणून फडकं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलवटतो. अंगठ्याने पिस्टन जात नसेल तर जुना पॅड मध्ये धरून पक्कडीने हळूहळू दाबा. त्यानेही जात नसेल तर पिस्टन आतून गंजलाय, सीलकिट घालावं लागेल. ते काम सोडा आणि गाडी गॅरेजला न्या. टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर त्याच खेपेत बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तो आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणच्या हवेत दोन वर्षांपेक्षा जास्त ते ठेवू नये.

पॅड आणि डिस्क

चकाकलेले पॅड वाचवता येतात. सपाट फरशीवर ८० ते १२० नंबरचा पेपर पसरा, थोडा ओला करा, आणि पॅड तोंडावर ठेवून सारख्या दाबाने गोल फिरवा. चकाकी गेली आणि मसाल्याचा मूळ मळकट रंग दिसला की थांबा. पेपर ओला करा असं मी कळकळीने सांगतो. पॅडची धूळ नाकात जाता कामा नये. जुन्या किंवा बिननावाच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॅलिपरवर तोंडाने फुंकर मारायची, हवेच्या पाइपने धूळ उडवायची सवय सोडा, तुमच्याकडे काम शिकणाऱ्या पोरालाही ती लागू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा.

पॅडच्या ज्या कडेला फिरती डिस्क पहिल्यांदा भेटते ती कड पेपरवर तिरकी धरून मिलिमीटरभर उतरवा. ती धारदार असली की डिस्कला अडकते आणि थरथर तिथून सुरू होते. नव्या पॅडवर ही उतरण नसेल तर तीही करून घ्या. डिस्क झिजून तिच्या काठाला उंचवटा आला असेल तर नवा पॅड त्या उंचवट्यावर चढून ओरडतो. अशा वेळी डिस्कची जाडी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर डिस्क बदला.

तेल पिलेल्या पॅडबद्दल माझं मत ठाम आहे. ते फेकायचे. पेट्रोल टाकून पेटवायचे, गॅसवर भाजायचे, असे उपाय सर्रास चालतात. वरचं तेल जळतं, आतलं राहतं, पहिल्या गरम ब्रेकला ते बाहेर येतं. भाजताना मसाल्याला धरून ठेवणारी राळही जळते आणि पॅड भुसभुशीत होतो. त्यापेक्षा तेल आलं कुठून ते शोधा. शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा. तेलकट लागलं तर ऑइल सील फुटलंय आणि ते ओघळ कॅलिपरवर उतरतायत. मातीने नळी खरवडली की सील जातंच. आधी सील, मग पॅड, उलट केलं तर पॅडचे पैसे पाण्यात. दुसरं कारण आमच्याकडचं खास. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीला खालून डिझेल आणि जळक्या ऑइलचा फवारा मारतात. धुवून झाल्यावर चमक यावी म्हणून पॉलिशचा फवाराही मारतात. मारायला हरकत नाही, पण डिस्क आणि कॅलिपरवर प्लास्टिकची पिशवी बांधून मगच. तुम्ही गाडी धुवायला देता तेव्हा समोर उभं राहून हे सांगा.

आवाज बंद करायला डिस्कवर ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणारी माणसं मी बघितली आहेत. आवाज खरंच बंद होतो, कारण ब्रेकच बंद होतो. असं कुणी सुचवलं तर त्याला तिथेच अडवा.

डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग भांडी घासायच्या हिरव्या कोऱ्या घासणीने हलकेच गोल गोल घासा आणि परत पुसा. त्यानंतर डिस्कच्या तोंडाला बोट लावायचं नाही. चाक फिरवून बघा. शॉकअपला तारेचा तुकडा बांधून त्याचं टोक डिस्कच्या जवळ आणलं की डिस्क कुठे डोलते का ते दिसतं. एकाच जागी टेकत असेल तर डिस्क वाकली आहे. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

परत जोडताना

पॅडची पिन पेपरने साफ करून तिला ग्रीसचा पुसट हात द्या. पॅडच्या पाठीला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, उष्णता सहन करणाऱ्या ब्रेकच्या ग्रीसचा अगदी पातळ थर लावा. मसाल्याच्या बाजूला ग्रीसचा अंशही जाता कामा नये, म्हणून पॅड धरायच्या आधी हात धुऊन कोरडे करा. पत्र्याची पट्टी आणि स्प्रिंग क्लिप फोटोत होती तशीच बसवा. क्लिप वाकली किंवा सैल झाली असेल तर नवी घ्या, नुसत्या क्लिपने गेलेले आवाज मी पुष्कळ पाहिले आहेत. कॅलिपर डिस्कवर चढवा, बोल्ट हाताने लावून मग पान्याने आवळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पॅडची पिन आता शेवटची आवळा. टाकीचं झाकण लावा.

आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर दाबत राहा, तो कडक होईपर्यंत. पिस्टन आत गेलेला असतो, पहिले काही दाब मोकळेच जातात. हे न करता गाडी सुरू करून रस्त्यावर निघालात तर पहिल्या वळणावर ब्रेक लागणार नाही. लिव्हर स्पंजासारखाच राहिला तर हवा शिरली आहे, ती काढल्याशिवाय निघू नका.

चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. पॅडचा बारीक स्पर्श चालतो. मग मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगावरून १० पर्यंत ब्रेक लावत या, पूर्ण थांबू नका, सोडा, थोडं चालवा, परत लावा. असं पंधरा-वीस वेळा. पॅड आणि डिस्क एकमेकांत बसतात. नवे पॅड असतील तर पहिले शे-दोनशे किलोमीटर घाटात जपून, आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून चालवा. तेवढ्या काळात थोडा आवाज आला तर घाबरू नका.

एवढं करूनही ओरडत असेल तर पॅडचा मसाला बदलून बघा. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड पावसात चांगले धरतात, जास्त टिकतात, पण आवाज जास्त करतात. कंपनीचेच पॅड टाकून बघितले तर बहुधा भागतं. स्वस्त बिननावाच्या पॅडवर पैसे वाचतात हे मला कधी पटलं नाही.

आमच्या भागात मी वर्षातून दोनदा पिना काढायला सांगतो, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दसऱ्याच्या आसपास. कोरड्या भागात दर पॅड बदलाच्या वेळी केलं तरी पुरे. स्वतः करायला जमणार नसेल तर गॅरेजवाल्याला नुसतं ‘ब्रेकचं काम करा’ म्हणू नका. ‘पिना बाहेर काढा, भोकं साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा, बूट फाटला असेल तर दाखवा’ असं सांगा. पॅड बदलले तर जुने दोन्ही मागून घ्या आणि मसाल्याची जाडी बोटाने बघा. आतला पातळ, बाहेरचा जाड दिसला आणि पिनांना हात लागलेला नसेल, तर गाडी तिथून हलवायच्या आधी परत स्टँडवर लावायला सांगा.